इंधनाच्या काटकसरीचा शिल्पकार

नागपूरच्या बाह्यवळण मार्गावर ट्रकमालकाला एका लिटरमागे मिळणाऱ्या किलोमीटरची चिंता असते. रुडॉल्फ डिझेल यांनी याच काटकसरीसाठी आयुष्य वेचले. १८५८ मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेल्या रुडॉल्फ यांच्या जर्मन कुटुंबाला १८७० च्या युद्धामुळे शहर सोडावे लागले. पुढे म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे यांच्या व्याख्यानांतून त्यांना उमगले, की वाफेचे इंजिन कोळशातील जेमतेम १० टक्के ऊर्जा कामी लावते. हवा प्रचंड दाबली की ती तापते आणि ठिणगीविना इंधन पेटते, या तत्त्वावर त्यांनी आउग्सबुर्गच्या कारखान्यात इंजिन घडविले. सुरुवातीच्या चाचणीत स्फोट झाला; ते थोडक्यात बचावले. १८९७ मध्ये कार्यक्षमता २६ टक्क्यांवर पोहोचली. कीर्ती व पैसा आला. त्यापाठोपाठ पेटंटचे वाद, फसलेले व्यवहार आणि कर्जही. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून ते नाहीसे झाले. आत्महत्या की अपघात, हे कोडे सुटले नाही. इंधन फवारण्यासाठी लागणारा अवजड हवादाबक सुटल्यावरच, १९२० च्या दशकात, हे इंजिन ट्रकमध्ये बसले. पॅरिसच्या १९०० च्या प्रदर्शनात ते शेंगदाणा तेलावरही चालले होते. २०१४ मध्ये नागपुरात इथेनॉलवर धावलेल्या बसचे इंजिन त्याच कुळातले.