नाव नसलेल्या थडग्यातला गोलरक्षक

इंग्लंडमध्ये डॉनकास्टर शहराजवळ एडलिंग्टन नावाचे एक गाव आहे. कोळशाच्या खाणीवर वाढलेले आणि खाण बंद पडल्यावर मंदावलेले. तिथल्या दफनभूमीत १९९७ साली एका थडग्यावर नाव कोरलेला दगड बसवण्यात आला. थडग्यातल्या माणसाला जाऊन तेव्हा साडेसहा दशके उलटली होती. एवढा काळ त्या जागेवर ना नाव होते, ना तारीख. गरिबांसाठी राखून ठेवलेल्या जागेत खाणीतला एक म्हातारा कामगार पुरलेला आहे, एवढीच त्या मातीची ओळख होती.

तो कामगार होता आर्थर व्हॉर्टन. एके काळी इंग्लंडमधल्या सर्वांत वेगवान धावपटूंत त्याची गणना होत असे. जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून आज त्याचे नाव घेतले जाते. आफ्रिकेतल्या घानाच्या किनाऱ्यावर जन्मलेला हा मुलगा इंग्लंडला गेला होता तो धर्मोपदेशक होण्यासाठी. झाला मात्र गोलरक्षक. आणि ज्या खेळासाठी त्याने सारे सोडले, त्या खेळाने त्याला बघता बघता विसरूनही टाकले.

आर्थरचा जन्म २८ ऑक्टोबर १८६५ रोजी अक्रा शहरातल्या जेम्सटाउन या भागात झाला. समुद्राला लागून असलेली, किल्ल्याच्या आसऱ्याने वाढलेली ही वस्ती. त्या वेळी घाना हे नावच नव्हते. युरोपीय व्यापाऱ्यांना तिथल्या सोन्याचा मोह पडला, म्हणून त्या मुलखाला त्यांनी गोल्ड कोस्ट, म्हणजे सोन्याचा किनारा, असे नाव ठेवले होते. वडील हेन्री व्हॉर्टन मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. ते मूळचे वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरचे. त्यांच्या अंगात स्कॉटिश आणि आफ्रिकी असे दोन्ही रक्त होते. आई अ‍ॅनी फ्लॉरेन्स ही फांटी जमातीच्या राजघराण्याशी नाते सांगणारी. म्हणजे घर चांगले प्रतिष्ठित. आर्थर लहान असतानाच वडील वारले, तरी त्यांची वाट मुलाने पुढे चालवावी, अशीच घरच्यांची इच्छा होती. त्यासाठी १८८२च्या सुमारास, ऐन पौगंडावस्थेत, तो इंग्लंडला पोचला. आधी स्टॅफर्डशायरमधल्या कॅनॉक गावी आणि मग डार्लिंग्टनच्या क्लीव्हलँड कॉलेजात त्याचे शिक्षण सुरू झाले.

काळ कसा होता, हेही पाहिले पाहिजे. आर्थर डार्लिंग्टनमध्ये आला त्याच सुमारास, १८८४च्या अखेरीस, बर्लिनमध्ये युरोपातली राष्ट्रे आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवायला बसली होती. काळा माणूस बुद्धीने आणि शरीराने कमी प्रतीचा, हा समज तेव्हा शास्त्राच्या नावाखाली मिरवला जात होता. अशा दिवसांत इंग्लंडमधल्या एका रेल्वेच्या गावात हा आफ्रिकी तरुण मैदानात उतरला. त्याचे मन पुस्तकात फारसे रमले नाही. धावणे, क्रिकेट, सायकल, फुटबॉल, जे समोर येईल ते तो खेळत गेला.

३ जुलै १८८६ हा त्याच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर हौशी धावपटूंची राष्ट्रीय स्पर्धा होती. आज हे नाव घेतले की चेल्सी हा फुटबॉल क्लब आठवतो. पण तो क्लब निघाला १९०५ साली. तोवर हे मैदान धावपटूंचेच होते. १०० यार्डांच्या शर्यतीत, म्हणजे साधारण साडेएक्क्याण्णव मीटरांत, आर्थर १० सेकंदांत पोचला. प्राथमिक फेरीतही १० आणि अंतिम फेरीतही १०. ही वेळ विक्रमी ठरली. हे विजेतेपद मिळवणारा तो पहिला आफ्रिकी. योगायोगाने जिंकला म्हणावे, तर पुढच्या वर्षी, १८८७ मध्ये, त्याने ते पुन्हा जिंकून दाखवले. त्याच वर्षी प्रेस्टन ते ब्लॅकबर्न हे अंतर सायकलवरून विक्रमी वेळात कापल्याची नोंदही त्याच्या नावावर आहे.

एवढा वेगवान माणूस फुटबॉलमध्ये मात्र गोलात उभा राहत असे, याचे आज नवल वाटते. पण तेव्हाचे गोलरक्षण आजच्यासारखे नव्हते. गोलाला जाळी आली १८९१ साली. गोलरक्षकाला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही हाताने चेंडू खेळता येत असे. आणि समोरचे आघाडीचे खेळाडू खांद्याने धडका देऊन त्याला चेंडूसकट गोलात ढकलू शकत. म्हणजे हे काम पैलवानाचेही होते आणि डोंबाऱ्याचेही. आर्थरकडे दोन्ही होते. तो गोलखांबाच्या एका कडेला दबा धरून बसे आणि चेंडू जवळ आला की अंगावर झेपावे. चेंडूला ठोसा मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शेफील्डमधल्या एका सामन्यात त्याने उडी मारून गोलाची आडवी दांडी पकडली, लोंबकळत दोन पायांच्या मधे चेंडू अडवला आणि धडक द्यायला आलेले तिघेजण थेट गोलात जाऊन पडले, अशी आठवण एका प्रेक्षकाने पुढे अनेक वर्षांनी, १९४२ साली, वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवली होती. आर्थरला जाऊनही तेव्हा बारा वर्षे झाली होती.

डार्लिंग्टनच्या संघातला हा गोलरक्षक प्रेस्टन नॉर्थ एंडच्या नजरेत भरला. प्रेस्टन हा त्या काळचा बलाढ्य संघ. १८८६-८७ च्या हंगामात आर्थर त्यांच्याकडून एफए कपमध्ये खेळला. संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि तिथे वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून ३-१ असा हरला. आर्थरला इंग्लंडच्या संघात घ्यावे, असेही तेव्हा छापून आले. पण निवड समितीने त्याच्याकडे पाहिले नाही. इथे आपल्याला रणजितसिंहजी आठवल्याखेरीज राहत नाहीत. क्रिकेटमध्ये ते १८९६ साली इंग्लंडकडून खेळले, तेही थोडा वाद होऊनच. आर्थरची आईदेखील राजघराण्यातली होती; पण गोल्ड कोस्टच्या त्या घराण्याचे वजन इंग्लंडमध्ये कुणाला जाणवणार?

यानंतर त्याने जो निर्णय घेतला, तो त्याच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. १८८८ साली त्याने प्रेस्टन सोडले. कारण होते धावणे. शेफील्डला तेव्हा पैशांच्या शर्यती होत. त्यात वेगवान धावपटूला मागून सुरुवात करावी लागे आणि प्रेक्षक हजारोंनी पैजा लावत. आर्थर त्यात उतरला आणि जिंकलाही. पण एकदा पैसे घेतले की हौशी स्पर्धांचे दरवाजे बंद, असा नियम होता. म्हणजे ज्या स्पर्धेने त्याला नाव दिले, तिथे आता त्याला पाय ठेवता येणार नव्हता.

आणि नशिबाची थट्टा पाहा. तो गेला त्याच वर्षी जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली. १८८८-८९ च्या त्या पहिल्या हंगामात प्रेस्टनने लीगचे २२ सामने एकही न हरता जिंकले किंवा बरोबरीत सोडवले आणि एकही गोल न स्वीकारता एफए कपही उचलला. अजिंक्य संघ म्हणून त्यांचे नाव इतिहासात कायमचे कोरले गेले. थोडा थांबला असता, तर आर्थर त्या संघात असता का, हे कोण सांगणार? पण थांबायला घरचा पैसा लागतो किंवा पाठीशी कोणी उभे असावे लागते. धर्मोपदेशकाची वाट सोडलेल्या, घरापासून हजारो मैल दूर असलेल्या तेवीस वर्षांच्या तरुणाला रोजच्या खर्चाचाही विचार करायचा होता.

१८८९ साली त्याने रॉदरहॅम टाउनशी करार केला आणि तो व्यावसायिक फुटबॉलपटू झाला. फुटबॉलमध्ये पैसे घेण्याला इंग्लंडमध्ये अधिकृत मान्यता मिळाली होती ती जेमतेम चार वर्षांपूर्वी, १८८५ साली. त्याच्या आधीही काही कृष्णवर्णीय खेळाडू होते. गयानात जन्मलेला अँड्र्यू वॉटसन १८८१ मध्ये स्कॉटलंडचा कर्णधार होता. पण फुटबॉल खेळून पोट भरणारा पहिला कृष्णवर्णीय म्हणून मान जातो तो आर्थरकडे. १८९० मध्ये रॉदरहॅमलाच एमा लिस्टर हिच्याशी त्याने लग्न केले. पुढे त्याने पबही चालवायला घेतले. त्या काळच्या पुष्कळ खेळाडूंचा हा जोडधंदा होता. लोक खेळाडूला पाहायला येत आणि त्या निमित्ताने दारू खपे. पण ज्याच्या नावावर दारू खपते, त्याला स्वतःला तिच्यापासून दूर राहणे अवघड जाते. आर्थरला ते जमले नाही.

१८९४ साली शेफील्ड युनायटेडने त्याला घेतले. हा पहिल्या श्रेणीतला क्लब. पण त्याच वर्षी तिथे बिल फोक्स हा नवा गोलरक्षक आला. आर्थरपेक्षा नऊ वर्षांनी लहान, सहा फुटांहून उंच आणि पुढे आपल्या अगडबंब देहामुळे दंतकथाच बनलेला. आर्थरला बहुतेक वेळ बाहेर बसावे लागले. तरी १८९५च्या फेब्रुवारीत संडरलंडविरुद्ध त्याला संधी मिळाली आणि इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली.

त्यानंतरचा प्रवास उताराचा. पुन्हा रॉदरहॅम, मग स्टॅलीब्रिज, मग अ‍ॅश्टन आणि शेवटी स्टॉकपोर्ट काउंटी. कधी गोलात, कधी आघाडीच्या फळीत कडेला. १९०२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो थांबला. साठवलेले असे काही नव्हते. त्या सुमारास लीगने खेळाडूच्या पगारावर आठवड्याला ४ पौंडांची मर्यादा घातली होती. म्हणजे चांगला खेळणाराही म्हातारपणाची बेगमी करू शकेल, अशी स्थिती नव्हती. निवृत्तिवेतन नाही, विमा नाही, क्लबची जबाबदारी नाही. पाय आणि हात चालत होते तोवर टाळ्या होत्या. ते थकले, तशा टाळ्या दुसऱ्या कुणासाठी वाजू लागल्या.

मग तो खाणीत गेला. एडलिंग्टनच्या यॉर्कशायर मेन खाणीत कोळशाच्या वाहतुकीचे काम करणारा साधा मजूर म्हणून त्याने उरलेली वर्षे काढली. १० सेकंदांत १०० यार्ड धावलेला माणूस जमिनीच्या पोटात, अंधारात, कोळशाच्या गाड्यांपाठी चालत होता. तिथे सगळ्यांचेच चेहरे काळे होत. १३ डिसेंबर १९३० रोजी, पासष्टाव्या वर्षी, आजारपणात त्याचे निधन झाले.

त्याला का विसरले गेले? एकच कारण सांगता येत नाही. दारूने त्याचे नुकसान केले, हे खरे. एका क्लबात तो फार टिकला नाही, त्यामुळे कोणत्याच क्लबाला तो आपला वाटला नाही, हेही खरे. पण इंग्लंडने आपल्या जुन्या खेळाडूंच्या कथा पिढ्यान् पिढ्या सांगितल्या, त्यात त्याचे नाव का नसावे? फुटबॉल हा गोऱ्यांनी शोधलेला, गोऱ्यांनी वाढवलेला खेळ, असे एकदा मनात पक्के झाले, की पहिल्याच पानावर उभा असलेला आफ्रिकी माणूस डोळ्यांना दिसेनासा होतो. कुणी त्याचे नाव मुद्दाम खोडलेच असे नाही. ते कुणी पुन्हा लिहिले नाही, इतकेच.

ते लिहायला १९९० चे दशक उजाडावे लागले. इंग्लंडच्या मैदानांवर तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंची संख्या वाढली होती आणि त्यांच्यावर प्रेक्षकांतून केळी फेकण्याचे, माकडांचे आवाज काढण्याचे प्रकारही जुने झाले नव्हते. वर्णद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या शेफील्डच्या एका संस्थेने आर्थरचे थडगे शोधून त्याच्यावर दगड बसवण्यासाठी मोहीम चालवली. फिल व्हासिली या संशोधकाने जुनी कागदपत्रे उकरून त्याचे चरित्र लिहिले; ते १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. २००३ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या सन्माननीयांच्या यादीत आर्थरचे नाव आले. २०१४ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाच्या सराव केंद्रात, सेंट जॉर्जेस पार्कमध्ये, त्याचा ब्राँझचा भव्य पुतळा उभा राहिला. एक हात वर करून चेंडू दांडीवरून ढकलणारा आर्थर. ज्या संघात त्याला कधी घेतले नाही, तो संघ आता त्याच्या पुतळ्यासमोरून सरावाला जातो.

गोल्ड कोस्ट १९५७ साली घाना नावाने स्वतंत्र झाला. त्यानंतर तिथले कितीतरी खेळाडू परदेशात गेले. अबेदी पेले फ्रान्समध्ये गाजला. टोनी येबोआने १९९५ मध्ये लीड्सकडून केलेले गोल आजही आठवले जातात, आणि लीड्स आहे यॉर्कशायरमध्येच. युसिफ याकुबू गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून आणि मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून खेळला. २००५ साली अक्रात जन्मलेल्या मायकल एसियनला चेल्सीने दोन कोटी पौंडांहून अधिक रक्कम मोजून आणले. तो खेळला स्टॅमफर्ड ब्रिजवर. त्याच मैदानावर, जिथे एकशे एकोणीस वर्षांपूर्वी अक्राचाच एक मुलगा इंग्लंडमधल्या सगळ्यांच्या पुढे धावत गेला होता.