कावसजी दादाभाई नायगमवाला

कावसजी दादाभाई नायगमवाला (1857–1938) हे ब्रिटिश काळातील भारतीय खगोलभौतिकशास्त्रज्ञ होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेची उभारणी त्यांनी केली आणि ती बंद होईपर्यंत तिचा कारभार पाहिला. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास आणि 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध यांसाठी ते ओळखले जातात.

शिक्षण व वेधशाळा

पारशी कुटुंबात जन्मलेले नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले व पुढे तेथेच भौतिकशास्त्राचे अध्यापन करू लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांची देणगी व मुंबई सरकारची भर यांतून कॉलेजात वर्णपट-अभ्यासाची एक प्रयोगशाळा काढावी, एवढीच मूळ कल्पना होती. 1884 मध्ये ते इंग्लंडला गेले. तेथे नॉर्मन लॉकियर आदींच्या सल्ल्याने प्रयोगशाळेची वेधशाळा करण्याचे ठरले. त्यानंतर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले आणि 1888 मध्ये वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांची 20 इंची परावर्ती दुर्बीण हे तिचे मुख्य साधन. त्या काळी देशात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती.

मृगातील तेजोमेघ

तेजोमेघांचे छायाचित्रण तेव्हा नवे होते. हेन्री ड्रेपर यांनी 1880 मध्ये मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. 1883 मध्ये लंडनजवळच्या ईलिंग येथे अँड्र्यू कॉमन या हौशी निरीक्षकाने स्वतःच्या घराच्या बागेतून त्याचे इतके सुरेख छायाचित्र घेतले की डोळ्यांना न दिसणारे तारेही त्यात उमटले. मात्र छायाचित्रातून आकार कळतो, द्रव्य कळत नाही. त्यासाठी वर्णपट लागतो.

तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. लॉकियर यांच्या मते विश्वातील ज्योती उल्कांच्या थव्यांपासून बनतात आणि ही रेषा म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष होय. तसे असते, तर रेषेची एक कड रेखीव आणि दुसरी विरत गेलेली दिसायला हवी होती. विल्यम हगिन्स यांना हे मान्य नव्हते. नायगमवालांनी पुण्याहून या रेषेची तपासणी केली. ती त्यांना दोन्ही बाजूंनी रेखीव व अरुंद आढळली. 1891 मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष लॉकियर यांच्या विरोधात जाणारा होता. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांचाच सिद्धान्त तिच्या पहिल्या महत्त्वाच्या कामाने अडचणीत आणला, हे विशेष.

रेषेचे खरे मूळ बराच काळ उमगले नाही. ‘नेब्युलियम’ नावाच्या एका काल्पनिक मूलद्रव्याकडे तिचे श्रेय जात राहिले. अखेर आयरा बोवेन यांनी 1927 मध्ये दाखवले की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. तिची तरंगलांबी सुमारे 500.7 नॅनोमीटर. आज हौशी छायाचित्रकार नेमका याच रेषेभोवतीचा अरुंद पट्टा आत सोडणारी गाळणी वापरतात. दिव्यांचा उजेड बराचसा बाहेरच राहतो, त्यामुळे कल्याणजवळच्या शहाडसारख्या उजळलेल्या वस्तीतूनही, घराच्या गच्चीवरून, तेजोमेघ टिपता येतो. दीर्घिकांना मात्र ही युक्ती फारशी लागू पडत नाही. त्यांचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांत विखुरलेला असतो.

जेऊरचे ग्रहण

22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रातून गेला. लॉकियर विजयदुर्गावर उतरले, तर नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर निवडले. लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांचा तळही तेथेच होता. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची. तिच्या आरंभी व शेवटी क्षणभरच झळकणारा सूर्यकडेचा वर्णपट काचेवर टिपायचा, तर पुन्हा संधी नाही. या मोहिमेचा नायगमवालांचा सविस्तर अहवाल वेधशाळेच्या प्रकाशनांचा पहिला खंड म्हणून 1902 मध्ये निघाला.

अखेर

वेधशाळा जवळजवळ एकट्या नायगमवालांच्या बळावर चालत होती. सरकारने 1899 पासून कोडाईकनाल येथे सौर वेधशाळा सुरू केली होती, त्यामुळे पुण्यात दुसरी चालवण्याची निकड उरली नाही. 1912 मध्ये ते निवृत्त झाले, त्याच वेळी वेधशाळाही बंद करण्यात आली आणि तिची साधने कोडाईकनालला हलवण्यात आली. 20 इंची दुर्बीण तेथे भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली जाऊ लागली. 1938 मध्ये नायगमवाला यांचे निधन झाले.