मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे : ज्यांनी बेडरांच्या शिकारी कुत्र्याला नाव मिळवून दिलं

मुधोळ : सध्या गावोगावच्या मोबाईलवर पिल्लांचे फोटो फिरतात. अंगानं सडपातळ, तोंडानं लांबट, आणि खाली लिहिलेलं असतं ओरिजिनल मुधोळ. शेतावर राखणीला एखादं जातिवंत कुत्रं असावं असं शेतकऱ्याला वाटतं. मुंबईत मालाड-बोरिवलीला नोकरीला गेलेली पोरंही हेच पिल्लू शोधतात. पण हे मुधोळ नाव कुठून आलं आणि कुणामुळे टिकलं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यामागे एका संस्थानिकाची मेहनत आहे. त्यांचं नाव श्रीमंत राजे मालोजीराव व्यंकटराव घोरपडे. लोक त्यांना नानासाहेब म्हणायचे.

घराणं आणि गादी

मुधोळ आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. पण घराणं मराठी. दक्षिण महाराष्ट्रातल्या जुन्या संस्थानांत सांगली, मिरज, जमखंडी यांच्याबरोबर मुधोळचं नाव घेतलं जायचं. संस्थान लहान असलं तरी त्याला नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. घोरपडे हे आडनाव बहामनी काळातल्या एका गोष्टीशी जोडलं जातं. घोरपडीच्या मदतीनं किल्ल्याचा कडा चढून तो सर केला, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. शहाजीराजांना कैद करण्यात ज्यांचा हात होता ते बाजी घोरपडे याच घराण्यातले. पुढे शिवाजी महाराजांनी मुधोळवर चालून जाऊन त्याचा हिशोब चुकता केला, हेही इतिहासात आहे.

मालोजीरावांचा जन्म १८८४ सालचा. १९०० साली वडिलांच्या मागे गादी त्यांच्याकडे आली तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. पुढे १९३७ पर्यंत त्यांची कारकीर्द चालली. ब्रिटिश सरकारनं त्यांना सर हा किताब दिला. आपल्या घराण्याची जुनी कागदपत्रं जपण्याचं भान त्यांना होतं. त्यांच्याच कारकीर्दीत, १९३४ साली, इतिहास संशोधक द. वि. आपटे यांचा मुधोळच्या घोरपडे घराण्याचा इतिहास छापून आला. थोडक्यात, वंशावळ म्हणजे काय आणि तिची नोंद का ठेवायची, हे या घरात चांगलं माहीत होतं.

बेडरांच्या दारातलं कुत्रं

घटप्रभेच्या काठचा हा मुलूख तसा मोकळ्या माळाचा. इथले बेडर लोक शिकारीत आणि लढाईत तरबेज. १८५७ साली हत्यारं सरकारजमा करा असा हुकूम निघाला, तेव्हा याच भागातल्या हलगलीच्या बेडरांनी तो मानला नाही आणि इंग्रजी फौजेशी झुंज दिली. या लोकांच्या दारात एक उंच, सडसडीत कुत्रं असायचं. ससा, हरीण माळावर उठलं की ते नजरेनं हेरायचं आणि वाऱ्यासारखं पाठीमागे लागायचं.

ही जात वास काढत जाणारी नव्हे. ती डोळ्यानं बघून धावणारी. छाती खोल, कंबर बारीक, पाय लांब, अंगावर केस आखूड. अरबस्तान आणि मध्य आशियाकडून व्यापारी व सैनिक यांच्याबरोबर आलेल्या सालुकी, ताझी अशा कुत्र्यांपासून ती झाली असं जाणकार मानतात. लमाणांच्या, व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर फिरणारं म्हणून आपल्याकडे तिला कारवानी असंही म्हणतात.

मालोजीरावांच्या नजरेत ही कुत्री भरली ती बेडरांकडेच. तोवर ती जात गावोगाव विखुरली होती. कुणी मुद्दाम राखत नव्हतं. गावकुत्र्यात मिसळून वाण उतरत चालला होता. त्या काळात संस्थानिकांना विलायती कुत्र्यांचं वेड होतं. हौसेसाठी जहाजातून कुत्री आणली जायची. मालोजीरावांनी मात्र गरीब माणसाच्या दारातल्या कुत्र्याकडे पाहिलं, त्यातली चांगली जनावरं निवडली आणि निवडून पैदास सुरू केली.

निवडून पैदास म्हणजे काय ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. जोंधळ्याच्या रानातलं भरदार कणीस आपण बियाण्याला बाजूला काढतो. खिलार गाईला वळू लावताना त्याची चाल, खूर, वशिंड बघतो. इथंही तेच. निरोगी, धावणारी, डोक्यानं शांत अशी मादी आणि तिला तोलामोलाचा नर. झालेल्या पिल्लांतली सरस ती पुढच्या पैदाशीला, बाकीची नुसती राखणीला. एका वेताचं हे काम नाही. पिढ्यान् पिढ्या लक्ष द्यावं लागतं. राजाच्या पदरी असल्यामुळे त्या कुत्र्यांना ते लक्ष मिळालं आणि बुडत चाललेली जात पुन्हा उभी राहिली.

पुढे मालोजीरावांनी या कुत्र्यांची एक जोडी इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांना भेट दिली असं सांगितलं जातं. तेव्हापासून मुधोळ हाऊंड हे नाव रूढ झालं, अशी माहिती आजही मुधोळमध्ये मिळते. बेडराच्या दारातलं जनावर बादशहाच्या दारात गेलं.

राजे गेले, जात राहिली

मालोजीरावांच्या मागे १९३७ साली भैरवसिंहराव गादीवर आले, ते वयानं फार लहान होते. ८ मार्च १९४८ ला संस्थान भारतात विलीन झालं. राजाश्रय संपला, शिकारीवरही पुढे कायद्यानं बंदी आली. तरी मुधोळ भागातल्या सामान्य कुटुंबांनी ही कुत्री सोडली नाहीत. ९ जानेवारी २००५ ला टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात एक मुधोळचं होतं. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र उभं राहिलं. २०१६ साली मेरठच्या लष्करी केंद्रात या जातीची पिल्लं प्रशिक्षणाला गेली. आज एक केनेल संस्था तिला मुधोळ हाऊंड म्हणून नोंदवते, तर दुसरी कॅरॅव्हान हाऊंड म्हणून. कागदावर नाव वेगळं दिसलं तरी घोळ समजू नये.

राजेसाहेबांचा धडा आजच्या गिऱ्हाइकाला

नाव मोठं झालं की नावावर विकणारेही वाढतात. कुठलंही बारीक अंगाचं पिल्लू मुधोळ म्हणून गळ्यात मारलं जातं. फोटो बघून पैसे पाठवले जातात आणि हातात येतं ते आजारी, नाहीतर मिश्र जातीचं पिल्लू. काही जण बहीण-भावाचाच जोड लावून वेत काढतात. त्यातून दुबळी, दोष असलेली पिल्लं निपजतात. यात घेणाऱ्याचे पैसे जातात, मुक्या जनावराचे हाल होतात आणि राखलेली जातही बिघडते.

मालोजीरावांनी आधी जनावर पाहिलं, मग पैदास केली. पिल्लू घेणाऱ्यानंही तेच करावं. खाण तशी माती. म्हणून पिल्लू बघण्याआधी त्याची आई बघावी. शक्य असेल तर बापही बघावा. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, चौकात किंवा बसस्टॉपवर पिल्लू आणून देतो म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नये. कुत्री कुठं राहतात, पाणी-जागा स्वच्छ आहे का, आई माणसाला बुजते की शांत आहे, हे डोळ्यानं पाहावं. मागच्या वेताची पिल्लं कुणाकडे आहेत ते विचारून दोघा-तिघांशी बोलावं.

केंद्र सरकारचे कुत्र्यांच्या पैदास व विक्रीचे नियम २०१७ सालचे आहेत. त्यानुसार पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची होण्याआधी तिची पैदास करायची नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही आणि आयुष्यात पाचाच्या वर नाही. म्हणून नोंदणी, लसीकरणाचं कार्ड आणि पावती मागायला लाजू नये. चांगला माणूस हे आपणहून दाखवतो. उलट तोच गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारतो, जागा किती आहे, पळायला रान आहे का, घरात बघणारं कोण आहे. असे प्रश्न आले तर राग मानू नये, योग्य दारात आलो असं समजावं.

हा विचार घेणाऱ्यानंही करायचा आहे. मुधोळ हे धावणारं जनावर आहे. दिवसभर साखळीला किंवा बंद खोलीत ते टिकत नाही, चिडकं होतं. गावात पाळलं तरी त्याला ससा, हरीण यांच्यामागे सोडणं हा आता गुन्हा आहे. घरी आणलं की दोन दिवसांत पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून घ्यावं आणि रेबीजची लस वेळेवर टोचावी.

मालोजीरावांकडे संस्थान होतं, म्हणून त्यांना जात राखता आली असं कुणी म्हणेल. पण त्यांच्या आधी ती बेडरांनी राखली आणि नंतर मुधोळच्या साध्या घरांनी. आता ती कुणाकडून घ्यायची हे गिऱ्हाइकाच्या हातात आहे. जो नीट राखतो त्याच्याकडून चार पैसे जास्त देऊन घेतलं तर तो राखत राहील. स्वस्तात फसवणाऱ्याकडून घेतलं तर धंदा त्याचाच वाढेल.