औंधच्या राजाने डंबेल्स खाली ठेवले, तेव्हा...

औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९३६ साली इंग्लंडला गेले, तेव्हा ते सत्तरीकडे झुकले होते. लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकाच्या पत्रकार लुईझ मॉर्गन यांची आणि त्यांची भेट झाली. राजेसाहेबांचे वय आणि त्यांची ताठ, चपळ शरीरयष्टी यांचा मेळ बसत नव्हता. त्यामागचे कारण मॉर्गनबाईंना समजले ते असे, की हे गृहस्थ रोज पहाटे सूर्यनमस्कार घालतात, एक-दोन नव्हे तर तीनशेपर्यंत. या भेटीतून वृत्तपत्रात लेख आले आणि १९३८ मध्ये मॉर्गन यांनी संपादित केलेले राजेसाहेबांचे ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. सातारा जिल्ह्यातल्या एका दुष्काळी संस्थानातला व्यायाम असा साता समुद्रापार पोहोचला.

राजघराण्यात जन्मलेल्या माणसाला वेळ, नोकरचाकर, दूधदुभते सगळेच उपलब्ध. त्याने व्यायाम केला तर त्यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. पण बाळासाहेबांच्या आयुष्यातला आपल्या कामाचा भाग वेगळाच आहे. सूर्यनमस्कारांचे हे व्रत त्यांनी लहानपणी किंवा तारुण्यात घेतले नव्हते. ते सुरू झाले चाळिशीच्या उंबरठ्यावर.

आधी सँडो, मग सूर्य

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. साताऱ्यात आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते पदवीधर झाले. चित्रकला, कीर्तन, शिल्प यांची आवड त्यांना पहिल्यापासून होती आणि तितकीच शरीर कमावण्याचीही. त्या काळात युजीन सँडो या बलदंड माणसाचे नाव जगभर गाजत होते. दंड, छाती, पोटऱ्या असा एकेक स्नायू डंबेल्सच्या साहाय्याने घडवायचा, ही त्याची पद्धत. त्याची पुस्तके आणि साधने टपालाने हिंदुस्थानातही येत. बाळासाहेबांनी १८९७ च्या सुमारास ही साधने मागवली आणि पुढची जवळपास दहा वर्षे सँडोचा व्यायाम नेमाने केला.

म्हणजे आळस झटकून अचानक जागे झालेले हे राजे नव्हते. व्यायामाची शिस्त त्यांच्या अंगी होतीच. बदलली ती पद्धत. मिरजेच्या अधिपतींनी त्यांना सूर्यनमस्कार घालण्याचा आग्रह केला आणि १९०८ च्या सुमारास त्यांनी डंबेल्स बाजूला ठेवले. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, ते औंधच्या गादीवर आले. राज्यकारभाराचा व्याप वाढला, पण नमस्कार सुटले नाहीत.

सूर्यनमस्कार काही त्यांनी शोधून काढले नव्हते. सूर्याला साष्टांग नमस्कार घालण्याची रीत महाराष्ट्रात जुनीच होती. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालत, असे परंपरा सांगते. आखाड्यातल्या जोर-बैठकांशीही त्याचे नाते आहे. बाळासाहेबांनी केले ते असे, की ज्याला त्याला आपापल्या परीने घालता येणारा हा नमस्कार त्यांनी दहा अवस्थांमध्ये नीट बांधला. हात कुठे, पाय कुठे, गुडघा वाकवायचा की नाही, श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा, हे ठरवून दिले. एकदा जमिनीवर टेकलेले तळवे नमस्कार पूर्ण होत येईपर्यंत जागचे हलवायचे नाहीत, अशा बारीकसारीक गोष्टींवर त्यांचा कटाक्ष असे. प्रत्येक नमस्काराआधी बीजमंत्र आणि सूर्याचे नाव. त्यामुळे श्वासाला लय येई आणि मोजदादही आपोआप होई.

एका नमस्कारात काय घडते?

या व्यायामाकडे आजच्या शरीरशास्त्राच्या नजरेतून पाहिले, तर त्याची बांधणी लक्षात येते. पुढे वाकताना पाठीचे आणि मांड्यांच्या मागच्या बाजूचे स्नायू ताणले जातात. पाय मागे नेऊन शरीर फळीसारखे सरळ धरले, की खांदे, दंड आणि पोट यांना भार पेलावा लागतो. छाती उचलून मान मागे नेताना आधीच्या उलट बाजूला ताण बसतो. मग पुन्हा वाकणे, पुन्हा उभे राहणे. एका फेरीत पाठीचा कणा दोन्ही दिशांना वाकतो आणि शरीरातले बहुतेक मोठे स्नायू कामाला लागतात. संथपणे केल्यास ताण आणि तोल यांचा व्यायाम होतो. वेग वाढवला तर नाडी वाढते, घाम येतो आणि हृदय व फुप्फुसांनाही काम मिळते.

चाळिशीनंतर याला विशेष महत्त्व आहे. वाढत्या वयाबरोबर स्नायू हळूहळू घटतात, सांधे आखडतात, तोल बिघडू लागतो. रक्तातली साखर सर्वाधिक वापरणारा अवयव म्हणजे स्नायू. ते घटले आणि हालचालही कमी झाली, की साखर आणि वजन या दोन्हींचे गणित बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी जी शिफारस केली, ती आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या व्यायामाची आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामाची आहे. सतरंजीएवढ्या जागेत, कोणत्याही साधनाशिवाय, या दोन्ही गरजांचा बराचसा भाग सूर्यनमस्कारांनी भागवता येतो.

पहाटेचा नमस्कार आणि ताटातले अन्न

व्यायाम केला म्हणजे काहीही खाल्ले तरी चालते, असा बाळासाहेबांचा समज नव्हता. १९२८ मध्ये त्यांनी सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांच्या आरोग्यविचारात आहाराला व्यायामाच्या बरोबरीचे स्थान होते. कोंड्यासकट दळलेले पीठ, सडीक नव्हे तर हातसडीचा तांदूळ, कच्च्या भाज्या, फळे आणि दूध यांच्यावर त्यांचा भर होता. चहा, कॉफी, तंबाखू, मद्य आणि मसालेदार, तळलेले पदार्थ टाळावेत, असे ते सांगत.

हा काळ आहारशास्त्रासाठीही मोठ्या घडामोडींचा होता. पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी हा रोग का होतो, याचा माग जावा बेटावर काम करणाऱ्या आइकमन या डच वैद्याला कोंबड्यांवरच्या निरीक्षणातून लागला होता. १९२९ मध्ये त्याला त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. इकडे नीलगिरीतल्या कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन उंदरांना हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रांतांचे अन्न देऊन पाहत होते. अख्ख्या गव्हाची पोळी, दूध, भाज्या आणि डाळी खाणारे उंदीर धष्टपुष्ट निघाले. मुख्यतः पॉलिशच्या तांदळावर वाढलेले मात्र खुरटे आणि रोगट राहिले. धान्याचा कोंडा फेकला, की त्याबरोबर जीवनसत्त्वेही जातात, हे प्रयोगशाळेत सिद्ध होत होते. बाळासाहेबांचा आग्रह याच दिशेचा होता.

यात एक विसंगतीही होती. औंधच्या शेतकऱ्याच्या ताटात जाडीभरडी भाकरी आणि रानातली भाजी आधीपासूनच होती. त्याला उणीव होती ती पुरेशा अन्नाची. दूध आणि फळे रोज खा, हा सल्ला अवर्षणग्रस्त गावात फारसा उपयोगी पडणारा नव्हता. चालत गेल्यास कोणाला परवडेल आणि कोणाला नाही, हा प्रश्न आहाराच्या प्रत्येक सल्ल्याला विचारावा लागतो. नमस्कारांना मात्र तो लागू पडत नव्हता. त्याला पैसा लागत नव्हता.

बहात्तर गावांचा व्यायाम

बाळासाहेबांनी आपला व्यायाम राजवाड्यापुरता ठेवला नाही. राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालत. स्त्रियांनी व्यायाम करणे अनेकांना रुचत नव्हते, त्या काळात त्यांनी मुलींच्या आणि स्त्रियांच्या नमस्कारांचा उघड पुरस्कार केला. संस्थानातल्या शाळांच्या वेळापत्रकात सूर्यनमस्कार आले आणि मुले-मुली रोज एकत्र नमस्कार घालू लागली. संख्या वयानुसार ठरलेली असे. लहानांना पंचवीसपासून सुरुवात, वाढत्या वयाबरोबर वाढत जाणारे आकडे, आणि सरावलेल्या प्रौढांना तीनशे.

औंध हे सुमारे ७२ गावांचे छोटे संस्थान. उत्पन्न बेताचे, पाऊस त्याहून बेताचा. अशा राज्यात गावोगावी दवाखाने उभारणे कठीण होते. आजार झाल्यावर धावण्यापेक्षा शरीर आधीच सशक्त ठेवावे, हा विचार तिथे नुसता उपदेश उरत नाही, ती गरज ठरते. याच राजाने १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरानावर जागा दिली, पंडित सातवळेकरांना औंधमध्ये आश्रय दिला, १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभे केले. १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना दिली आणि आपल्या खासगी खर्चावर मर्यादा घालून घेतली. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथे कैद्यांसाठी खुली वसाहत सुरू झाली, ती त्याच वर्षी. माणूस स्वतःला सुधारू शकतो, हा विश्वास या सगळ्या उपक्रमांच्या मुळाशी दिसतो.

त्यांचे सगळेच म्हणणे आज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. सूर्यनमस्कारांनी जवळजवळ सर्व रोग दूर राहतात, अशी त्यांची ठाम श्रद्धा होती. एका व्यक्तीच्या किंवा कुटुंबाच्या अनुभवावरून असा निष्कर्ष काढता येत नाही. नियमित व्यायामाने मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार यांचा धोका कमी होतो, हे आता पक्के ठाऊक आहे. पण तो औषधांची जागा घेत नाही. शिवाय तीनशे हा आकडा प्रत्येकासाठी नाही.

तीनशेच्या आधी तीन

बाळासाहेबांकडून घ्यायचे ते आकड्यापेक्षा त्यांच्या सवयीची घडण. व्यायाम एकच आणि सोपा. वेळ ठरलेली. साधन, जागा, सोबती यांपैकी कशासाठीही अडून न राहणारा. रोज मोजला जाणारा, म्हणून चुकला तर लगेच कळणारा. आणि जोडीला साधे, फारसे न कुटलेले-चाळलेले अन्न. बहुतेकांचे संकल्प मोडतात ते पहिल्याच आठवड्यात सगळे बदलायला गेल्यामुळे.

ज्याला आज सुरुवात करायची आहे, त्याने तीन किंवा पाच नमस्कारांपासून करावी. पोट रिकामे असावे, हालचाल संथ असावी, श्वास कोंडू नये. आठवड्याला एक-दोन नमस्कार वाढवले तरी पुरे. खाली वाकताना हात जमिनीला टेकत नसतील तर गुडघे किंचित वाकवावेत, ओढाताण करू नये. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचे किंवा मनगटाचे दुखणे असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे. ज्यांना वाकणे शक्यच नाही, त्यांनी त्याच नेमाने रोज चालावे. ताटात बदल करायचा तर तोही एकच निवडावा: मैद्याऐवजी कोंड्यासकटचे पीठ, किंवा जेवणाआधी एक वाटी कोशिंबीर, किंवा दिवसाचा एक चहा कमी. तो अंगवळणी पडला, की दुसरा.

१९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले. १९५१ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, बाळासाहेबांचे निधन झाले. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी फिरले आणि त्यांनीही पुढे सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले. गादी गेली, संस्थान गेले. शाळेच्या पटांगणात ओळीने उभी राहून नमस्कार घालणारी मुले मात्र महाराष्ट्रात आजही दिसतात.