दुष्काळातल्या मुली आणि पंडिता रमाबाई

१८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा याच प्रांतातील भंडारा जिल्ह्याचा भाग होता. आईबाप गेलेल्या मुलींचे हाल कुत्रे खात नव्हते. पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व विधवांना सोबत घेऊन आल्या.

भूक त्यांना ऐकून माहीत नव्हती. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण पायी तीर्थयात्रांत आणि पुराण सांगून मिळणाऱ्या दक्षिणेवर गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले होते, आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. १८७४ च्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या उपाशीपोटी हजारो मैल चालल्या. तरीही १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

म्हणजे आघाताने बुद्धीला काही होत नाही का? तसे नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. लक्ष टिकवणे, ऐकलेले क्षणभर डोक्यात धरून त्यावर काम करणे, मनात आलेली पहिली कृती आवरणे, ही कामे तो सांभाळतो. सततच्या भीतीत ताणाची संप्रेरके वाढलेलीच राहिली, तर या भागावर आणि स्मृतीच्या केंद्रावर परिणाम होऊ शकतो. उपेक्षेची गोष्ट थोडी वेगळी. बोलणारे, शिकवणारे, जवळ घेणारे माणूसच नसेल, तर मेंदूला घडायला लागणारे अनुभव मिळत नाहीत. रुमानियातील बुखारेस्टमध्ये अनाथालयांतील १३६ बालकांचा अभ्यास झाला. त्यांपैकी निम्मी कुटुंबांत सोपवली गेली. दोन वर्षांची होण्याआधी घर मिळालेल्यांची बौद्धिक प्रगती अधिक दिसली. स्मृती व लक्ष यांतील काही उणिवा मात्र किशोरवयातही राहिल्या. अशा मुलांना शाळेत सहज 'ढ' किंवा 'हट्टी' ठरवले जाते.

रमाबाईंच्या मेंदूचे निदान आज कोणी करू शकत नाही. पण त्यांच्यावरचा घाला सोळाव्या वर्षी आला, त्याआधी रोज शिकवणारी आई होती आणि नंतर सोबतीला भाऊ होता, एवढे नोंदवायला हवे. केडगावला आलेल्या कित्येक मुलींना यातले काहीच लाभले नव्हते.

रमाबाईंनी अमेरिकेत फ्रोबेलची बालशिक्षण पद्धती अभ्यासली होती. खेळ, वस्तू, हाताचे काम यांतून शिकवणारी ही पद्धत त्यांनी आपल्या शाळेत आणली. केडगावच्या मुक्ती सदनात पोटभर जेवणाबरोबर शेती, विणकाम आणि अक्षरओळखही होती. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याचे काम कन्या मनोरमाने सुरू केले. सगळ्या मुली पुढे विदुषी झाल्या नाहीत. तशी अपेक्षा धरणेही अन्यायाचेच. तिथल्या छापखान्यात मात्र खिळे जुळवायला स्त्रियाच असत. रमाबाईंनी मराठीत केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्याच हातांनी छापले गेले.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच रमाबाईंचे निधन झाले.