रमाबाई आणि विहिरीजवळची ती स्त्री

आजचं वाचन: योहान ४

प्रियांनो, शोमरोनी स्त्रीचा हा अध्याय उघडला की मला पंडिता रमाबाई आठवतात. जन्म १८५८. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पतीही पटकीने गेले. १८८२ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या आपल्या पुण्यात आल्या. भागवत तोंडपाठ, पण जुन्या श्रद्धेवरून मन उठलेलं.

पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये फुलम इथे, समाजाने टाकलेल्या बायकांना सिस्टर्स मायेने सांभाळताना त्यांनी पाहिलं. असं का करता, विचारल्यावर एका सिस्टरने हाच अध्याय वाचून दाखवला. त्याच वर्षी वाँटेजला बाप्तिस्मा झाला. पण खरी शांती? तिला अजून जवळजवळ आठ वर्षं लागली. आणि आपल्याला रविवारच्या प्रार्थनेचं उत्तर सोमवारी सकाळी हवं असतं!

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली त्यांनी स्वतः जाऊन आणल्या. भूक काय असते ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्या मुलींसाठी केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं.

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर मात्र त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या केडगावलाच प्रभूकडे गेल्या.