गार्सिया आणि आमसूल

मेसच्या सोलकढीला नाकं मुरडणाऱ्या मित्रांनो, आज त्याच आमसुलाच्या निमित्ताने साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका डॉक्टरची गोष्ट सांगतो. मी रेवदंड्याकडचा. अंगावर पित्त उठलं की आमच्याकडे आमसूल कोळून लावतात. म्हणूनच की काय, हा परदेशी माणूस मला आपल्यातला वाटतो.

गार्सिया द ओर्ता त्याचं नाव. जन्म 1500च्या सुमारास, पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिदे गावी. आईवडील मूळचे ज्यू, सक्तीने ख्रिश्चन झालेले. स्पेनमध्ये वैद्यक शिकून तो लिस्बनला शिकवू लागला, पण अशा कुटुंबांवर तिथे संशयाची नजर वाढत होती. 1534 साली मार्तिम अफोंसो द सूझाच्या जहाजातून तो गोव्यात आला तो कायमचाच.

तेव्हा रेवदंड्यात पोर्तुगीजांचा कोट होता आणि वरचं चौल निजामशाहीचं बंदर होतं. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाकडेही गार्सिया उपचाराला जाई. तिथे हकीम भेटत, गोव्यात वैद्य भेटत. तो सगळ्यांना प्रश्न विचारी. मुंबई बेट त्याला खंडाने मिळालं होतं, तिथे त्याचं घर आणि बाग होती. तिथलं एक आंब्याचं झाड वर्षातून दोनदा फळतं, याचं त्याला मोठं कौतुक!

10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात त्याचं पुस्तक छापून झालं. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचे हे जवळजवळ साठ संवाद पोर्तुगीज भाषेत आहेत. हळद, हिरडा, आलं, भिरंड म्हणजे आपलं कोकम, सगळं त्यात आहे. ग्रीक ग्रंथात काय लिहिलंय यापेक्षा इथे डोळ्यांना काय दिसतं, याला त्याने जास्त मान दिला. त्या काळी हे मोठं धाडस होतं. 1567 मध्ये क्लुसियसने त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि ही माहिती युरोपभर गेली.

आता थोडी आपली केमिस्ट्री. कोकमाच्या सालीत गार्सिनॉल असतं. ते अँटिऑक्सिडंट आहे आणि काही जीवाणूंची वाढही रोखतं. (गार्सिनिया हे नाव मात्र आपल्या गार्सियावरून नाही, लॉरेंट गार्सिन या दुसऱ्याच शास्त्रज्ञावरून पडलंय.) हिरड्यातली टॅनिनं, हळदीतलं कर्क्युमिन यांचेही असेच गुण. अर्क जांभळ्या डीपीपीएच द्रावणात टाकला आणि रंग पिवळा पडत गेला, की समजायचं अँटिऑक्सिडंट आहे. जीवाणू वाढवलेल्या बशीत अर्क भिजवलेली चकती ठेवली आणि भोवती मोकळं वर्तुळ पडलं, की जीवाणू अडले. पण बशी म्हणजे पेशंट नव्हे! कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच कमी उतरतं. म्हणून वर्तुळ दिसलं की लगेच औषध सापडलं, असं होत नाही. गार्सिया आज असता तर त्याने हाच प्रश्न आधी विचारला असता, असं मला वाटतं.

त्याचा शेवट मात्र वाईट आहे. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं. 1568 साली गार्सिया वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळलं. 1580 मध्ये खुद्द गार्सियाची हाडं कबरीतून उकरून जाळण्यात आली. जन्मभर तो झाडपाल्याबद्दल निर्भयपणे बोलला, पण स्वतःच्या घरात काय मानतो ते त्याला कधीच उघड बोलता आलं नाही.

पुढे पणजीतल्या म्युनिसिपल गार्डनला त्याचं नाव दिलं गेलं. सहलीला गेलात तर बीचवरून थोडा वेळ काढा आणि तिथे जरूर बसा. आणि हो, मेसमधली सोलकढी टाकू नका!